पायावरची नाडी

“मोजे काढा.”

दुबईतल्या अल क्वोजच्या त्या क्लिनिकमधल्या सिस्टर कुणाचंही स्वागत असंच करायच्या. माणूस जखम घेऊन आलेला असो की नुसता खोकला. एकदा एसी दुरुस्त करायला आलेल्या माणसानंही मुकाट्यानं मोजे काढले आणि ड्रेसिंगच्या खाटेवर जाऊन बसला. सिस्टरांनी त्याचे पाय नीट बघितले, टाचेच्या भेगांना व्हॅसलीन लावायला सांगितलं आणि मग म्हणाल्या, “हां, अब एसी देखो.”

तुम्ही पाहिलं असेल, न्हावी बोलता बोलता आपलं डोकं बघतो, शिंपी खांदे बघतो. या बाई पाय बघायच्या. चेहरे त्यांच्या लक्षातच राहत नसत. “तो नाही का मॅडम, डाव्या घोट्याचा? परवा सुपरमार्केटात भेटला,” असं त्या सांगायच्या.

मी शारजात नर्सिंग कॉलेजात शिकवते. दर मंगळवारी मुलींची बस घेऊन या क्लिनिकमध्ये जायचे. सिस्टर मूळच्या चिपळूणकडच्या. ठेंगण्या, पन्नाशी ओलांडलेल्या, बोलायला फटकळ. त्यांच्या ड्रेसिंगरूममध्ये साइटवरच्या कामगारांची रांग लागलेली असे आणि रांगेतल्या प्रत्येकाला त्या त्याच्या भाषेत रागवायच्या.

एका वर्षी आमच्या मुलींनी पायाच्या जखमांवरच्या लेखी परीक्षेत भरघोस मार्क मिळवले होते. पायात आलेलं रक्त वर परतत नाही, साचतं, त्यानं झालेली जखम शिरेची. तिला घट्ट पट्टी बांधली की ती भरून येते. वरून रक्त खाली पोचतच नाही, ती जखम धमनीची. तिला घट्ट पट्टी बांधली तर पाय जाऊ शकतो. सगळं मुलींना तोंडपाठ. मी कौतुकानं सिस्टरांना सांगितलं.

“छान,” त्या म्हणाल्या. “आता बोटांना पेपर लिहू दे.”

त्याच दिवशी लांज्याकडचा एक शटरिंगचा सुतार आला. पन्नाशीचा, अंगानं काटक. घोट्याच्या वर जखम, ओली, पाय सुजलेला. तीन महिने इथून तिथून मलम लावून झालेलं. सिस्टरांनी तन्वीला पुढे केलं. तन्वी शारजातच वाढलेली, वर्गात पहिली येणारी मुलगी. तिनं जखम बघितली, मापं घेतली, फॉर्म भरला आणि घट्ट पट्टीचा रोल हातात घेतला.

“कसली जखम?” सिस्टरांनी विचारलं.

“व्हीनस, सिस्टर. शिरेची. सूज आहे, वेट आहे, अँकलजवळ आहे. इट्स टेक्स्टबुक.”

“आणि पायावरची नाडी?”

“प्रेझेंट. लिहिलंय मी.”

“दाखव.”

तन्वीनं पावलावर बोटं ठेवली. इकडे ठेवली, तिकडे ठेवली. शेवटी ती म्हणाली, “हिअर. आय थिंक.”

सिस्टरांनी तिचं बोट हलकेच उचललं आणि टेबलाच्या कडेवर दाबून ठेवलं. “आता? लागते?”

“हो…”

“टेबलाला नाडी असते का बाळा? ती तुझ्या बोटाची आहे.”

कुणीतरी हसलं. सिस्टर हसल्या नाहीत. त्यांनी सुताराला विचारलं, “भाऊ, झोपताना पाय कुठे असतो?”

“खाटेखाली सोडतो, बाय. वर घेतला की मरणाचा ठणकतो. लोंबता ठेवला की जरा डोळा लागतो.”

“ऐकलंत? म्हणून सूज,” त्या मुलींना म्हणाल्या. मग त्यांनी त्याचा पाय उचलून धरला. बघता बघता तळवा खडूसारखा पांढरा झाला. खाली सोडल्यावर बऱ्याच वेळानं लालभडक. नाडी ऐकायचं छोटं यंत्र त्यांनी दुसऱ्या पायावर लावलं, तर छान ठोके ऐकू आले. या पायावर लावलं, तर नुसती खरखर. तन्वीच्या हातातला रोल खाली पडला आणि घरंगळत दारापर्यंत गेला.

डॉक्टरांनी लगेच हॉस्पिटलला पाठवायचं ठरवलं. सुतार हात जोडून उभा राहिला. “नको बाय. हॉस्पिटलचा कागद बघितला की कंपनी घरी धाडील. दोन पोरी शिकतायत माझ्या. तुम्ही पट्टी बांधा, मी चालतो.”

“पट्टी बांधली तर पाय खलास. मग कशावर चालणार?” एवढं बोलून त्यांनी त्याच्या कॅम्पच्या सुपरवायझरला फोन लावला. तो काहीतरी सबबी सांगत असावा. सिस्टर शांतपणे म्हणाल्या, “हबीबी, गाडी अभी भेजो. नहीं तो मैं खुद टॅक्सी से ले जाऊंगी, और तुम्हारा नाम लिख के ले जाऊंगी. यल्ला.” वीस मिनिटांत गाडी आली. तरी सिस्टर त्याच्यासोबत गेल्याच, पायात क्लिनिकच्या चपला तशाच.

धमनी जवळजवळ बंद झाली होती. ती आत बारीक फुगा फुगवून मोकळी केली. एक बोट गेलं, पाय वाचला. दीड महिन्यानं तो आला तेव्हा कंपनीनं त्याला स्टोअरमध्ये बसून करायचं काम दिलं होतं. “खुर्चीवर बसून कंटाळा येतो बाय,” अशी तक्रार करत होता. सिस्टर इतक्या खूश झाल्या की त्याला रागवायचंच विसरल्या.

मधल्या काळात तन्वी मात्र कोमेजून गेली होती. नर्सिंग सोडते म्हणाली. मी समजावून थकले आणि सिस्टरांना सांगितलं. त्यांनी तिला पॅन्ट्रीत बसवून चहा दिला. मीही तिथेच होते.

“मी तुझ्याएवढी होते, गावाकडे नोकरीला,” सिस्टर म्हणाल्या. “एका म्हाताऱ्या मास्तरांच्या पायाला मी घट्ट पट्टी बांधली. दुखतंय म्हणाले. मी म्हटलं, सोसा जरा. तिसऱ्या दिवशी सोडली तर पाय काळा. गुडघ्याखालून कापला. मास्तरांनी मला शब्दानं दोष दिला नाही. उलट, जेवलीस का, म्हणून विचारायचे. तुझ्या हातून तर नुसता रोल पडला. तू कसलं नर्सिंग सोडतेस?”

तन्वी रडली. मग म्हणाली, “आय वॉज स्केअर्ड टू से आय कान्ट फाइंड इट.”

“तेच शिकायचं असतं.”

पुढच्या मंगळवारी सिस्टरांनी तिला स्टुलावर बसवलं आणि आख्खी रांग नाडी शोधायला तिच्यापुढे सोडली. ड्रायव्हर, सफाईवाले, रिसेप्शनवरची फिलिपिनो मुलगी, शेवटी मी. माझ्या उजव्या पायाला तन्वीला पाच मिनिटं लागली, पण सापडली. मीही त्या आठवड्यात कॉलेजच्या फॉर्मवर नाडीपुढच्या ‘आहे’ आणि ‘नाही’ यांच्या शेजारी तिसरी चौकट छापून घेतली: ‘मला सापडली नाही’. फॉर्म बघून सिस्टर म्हणाल्या, “आत्ता कुठे खरा झाला.” तन्वी आज एका हॉस्पिटलात जखमांच्याच विभागात आहे. नाडी सापडली नाही की बिनधास्त तसं लिहिते आणि वरिष्ठांना हाक मारते.

गेल्या वर्षी सिस्टर कायमच्या गावी गेल्या. विमानतळावर मीच सोडायला गेले. काउंटरवर बॅग सहा किलो जास्त भरली. त्यांनी तिथेच फरशीवर ती उघडली आणि खजुराचे डबे, बदाम-पिस्ते, दूध पावडर असं भराभर माझ्या हातात दिलं. आत मऊ कातड्याच्या बुटांचे चार जोड होते, त्यांना मात्र हात लावू देईनात. “भावाला साखर आहे, अनवाणी हिंडतो,” त्या म्हणाल्या. “कागदावर पाय ठेवून पेन्सिलीनं रेघ मारून, शेजारी पट्टी ठेवून फोटो पाठव म्हटलं होतं त्याला. त्या मापाचे आहेत.”

त्यांचा खजूर आमच्या घरी महिनाभर पुरला. मध्यंतरी फोन केला, तेव्हा मागून कुणाचातरी आरडाओरडा ऐकू येत होता.

“आई आहे,” सिस्टर म्हणाल्या. “भाऊ बूट घालून थेट चुलीपाशी जेवायला बसलाय. मी त्याला म्हटलं, बस. ओरडू दे तिला.”