नाल्यातला फराळ

जगभरात काही लोक रानावनात डबे लपवतात, ठिकाण मोबाइलवर टाकतात आणि अनोळखी माणसं ते शोधत फिरतात. डबा सापडला की आतल्या कागदावर सही करायची, एखादी वस्तू घेतली तर एखादी ठेवायची. एवढाच खेळ. माझ्या मुलीनं पुण्याला नोकरीवर जाण्याआधी असा एक डबा कन्हान नदीला मिळणाऱ्या नाल्याकाठी, झाडीतल्या एका अर्जुनाच्या झाडाच्या मुळांत लपवला. तिथं पायी जाता येत नाही, कयाक, म्हणजे अरुंद छोटी होडी, वल्हवतच जावं लागतं. त्यामुळे तो कोणालाच सापडला नाही.

संक्रांतीला ती घरी आली आणि म्हणाली, "बाबा, उद्या तो डबा काढून आणू. कोणी जातच नाही तिथं. पुण्यावरून मी काय त्याच्याकडे लक्ष देऊ?"

घरी यायला तिच्याकडे निमित्तं कमी उरली होती, त्यातलं एक म्हणजे हा डबा. तो गेला की फोनवरचं 'नंतर बोलते' तेवढं उरणार. शिवाय दिवाळीला ती आली नव्हती, तेव्हा मी एकटाच कयाक घेऊन तिकडे गेलो होतो आणि डब्यात फराळ ठेवून आलो होतो.

खायची वस्तू ठेवू नये असा या खेळाचा नियम आहे, हे मला मागाहून कळलं. 'काहीतरी ठेवा' इथपर्यंतच मी वाचलं होतं. आमच्याकडे कोणाचा डबा रिकामा ठेवत नाहीत. त्यात पोरीचा डबा, त्यात दिवाळी!

दुसऱ्या दिवशी निघालो. कयाक हवा भरायची, दोन माणसांची. मी पुढे बसलो, कारण मागे बसणारा दिशा सांभाळतो आणि ते काम माझ्याकडून कधीच काढून घेतलेलं आहे.

"बाबा, वल्हं उलटं धरून राहिले तुम्ही."

"मुद्दाम धरलं. पाणी कमी उडते."

"मग मी काहून भिजून राहिली?"

पुढे दोन्ही काठांची झाडं पाण्यावर वाकली होती. एका फांदीत माझी टोपी अडकली. ती सोडवायला मी उभा राहिलो. कयाकमध्ये उभं राहायचं नसतं, हेही मला मागाहूनच कळलं, कमरेइतक्या पाण्यात. तिनं मला हसत हसत वर ओढलं. वळणावर मात्र तिनं वल्हं मांडीवर घेतलं. कयाक आपोआप सरकत होती.

"इथं इतकं शांत असते, विसरूनच गेली होती मी," ती म्हणाली. मीही माझं वल्हं मांडीवर घेतलं. बोललो असतो तर बिघडवलंच असतं.

डबा मुळांत नव्हता. थोडा पुढे चिखलात पडला होता. झाकण कुरतडलेलं, आत मुंग्या, सहीच्या कागदाचा लगदा. शेजारच्या झुडपात दुधाची एक पिशवी अडकली होती. पिशव्या धुऊन, वाळवून, कोपरा अगदी सरळ कापून ठेवायची आमच्या घरची पद्धत. तिनं ती हातात घेतली.

"ही तर आईची आहे."

मी पलीकडच्या काठावरचा खंड्या फार लक्ष देऊन पाहू लागलो. खंड्या उडून गेला.

"बाबा, काय होतं यात?"

"शंकरपाळे. अन् दोन अनारसे."

"इथं? कोणासाठी?"

"दिवाळीले तू आली नाही ना वं."

ती बराच वेळ पिशवीची घडी घालत राहिली. मग म्हणाली, "वानरायले आवडले वाटते."

आईनं दिलेल्या स्टीलच्या डब्यातल्या गूळपोळ्या आम्ही तिथंच खाल्ल्या. खाऊन झाल्यावर तिनं तो स्टीलचा डबा धुतला, रुमालानं कोरडा केला, आत कोरा कागद ठेवला, झाकण दोन्ही हातांनी दाबलं आणि मुळांत सारून वर दगड रचले.

"डबा काढून न्यायचा होता ना?" मी भीत भीत विचारलं.

"नेऊन राहिली ना." तिनं कुरतडलेला डबा कयाकमध्ये टाकला.

घरी पाय ठेवला तोच आतून आवाज आला, "माझा डबा कुठं आहे वं?"

"दिवाळीले आणून देते, आई."

"रिकामा आणू नको."

पुढची पाळी माझी होती, म्हणून मी ओले मोजे काढत मागच्या दाराकडे गेलो.