पवनचक्कीचं पातं आणि लग्नाचा मांडव

सकाळी चिंचवडहून निघतानाच मला राहवत नव्हतं. माझी वहिनी सुनंदा एका वाहतूक कंपनीत लांब ट्रेलरांचे परवाने काढते. त्या दिवशी तिने मला पायलट गाडीत (ट्रेलरच्या पुढे धावून रस्ता मोकळा करणाऱ्या जीपमध्ये) शेजारी बसवलं होतं. आम्ही सोलापूरकडची माणसं. उसाची जोडट्रॉली हीच आमच्या लेखी लांब गाडी.

चाकणच्या कारखान्यातून ते बाहेर आलं. पवनचक्कीचं एकच पातं, पांढरंशुभ्र. ट्रेलरचं तोंड रस्त्याला लागलं तरी शेपूट आत शेडपाशीच होतं. मागच्या चाकांसोबत एक माणूस रिमोट घेऊन चालत होता. ती चाकं तो वेगळी वळवायचा. मी जीपमधून उतरून बघतच राहिले. वहिनीने सांगितलं, परवान्यातला रस्ता सोडता येत नाही आणि अंधार पडला की चालता येत नाही. उजेडात पुनावळ्याजवळचा थांबा गाठायचा होता.

तळेगाव रस्त्याला लागायच्या वळणावर आम्ही अडकलो. आदल्या दिवशीच्या पाहणीत मोकळ्या असलेल्या कोपऱ्यावर, एका घरापुढे, लग्नाचा मांडव उभा राहिला होता. पात्याचं टोक वळताना नेमकं त्यावरून फिरणार होतं.

नवरीचे चुलते, तात्या, बाहेर आले. वहिनीने परवाना दाखवला. त्यांनी तो शांतपणे वाचून परत दिला.

"ह्यात रस्ता दिलाय, ताई. माझं रान न्हाई दिलेलं."

ते खरंच होतं. तिने नुसती विनंती केली. तात्या म्हणाले, लग्नाच्या दिवशी मांडवाचा खांब उपटणं अशुभ. मागे हॉर्न वाजू लागले. ट्रेलरला मागेही सरता येईना.

तेवढ्यात तात्यांचा फोन वाजला. ते ऐकत राहिले आणि हळूहळू त्यांची नजर पात्याच्या शेपटाकडे गेली. नवरदेवाची गाडी सगळ्या वऱ्हाडासह ट्रेलरच्या मागे अडकली होती.

तात्यांनी फोन खिशात टाकला, फेटा नीट केला आणि स्वतःच दोरी सोडायला घेतली. "आमीच काढतो, आमीच पुन्हा रोवतो. मग अशुभ कसलं?"

दोन खांब निघाले, कापड गुंडाळलं. हळद लागलेली नवरी ओट्यावर येऊन उभी राहिली. पातं आमच्या डोक्यांवरून इतकं हळू सरकलं की त्याची सावली अंगावरून जाताना जाणवली. टोक सुटलं आणि बँडवाल्यांनी न सांगताच वाजवायला सुरुवात केली. मागोमाग नवरदेव आला.

तात्यांनी मासवडीचा (तीळ-खोबऱ्याचं सारण भरलेली बेसनाची वडी) डबा जीपमध्ये ठेवला. झणझणीत रश्श्यासोबत ती आम्ही पुनावळ्याच्या थांब्यावर खाल्ली, उन्हं अजून पुरती कलली नव्हती तेव्हा.

दुसऱ्या दिवशी एसटीने घरी परतले. आता गाडी वळण घेऊ लागली की मी पुढचा रस्ता बघत नाही. कोपऱ्यावर कुणाचं घर आहे, ते बघते.