सव्वा मूठ आणि सोन्याची सफरचंदं

माझी मुलगी दहावीच्या परीक्षेनंतर बर्फातल्या देवांच्या नादी लागली आणि माझ्या स्वयंपाकघराची वाट लागली. उत्तरेकडच्या, युरोपातल्या त्या थंड देशांचे जुने देव. एका डोळ्याचा थोरला देव, हातोडा घेऊन गडगडाट करणारा थॉर, सगळ्यांच्या पायात पाय घालणारा लोकी. आधी मोबाइलवरच्या खेळात ते तिला भेटले, मग तिनं वाचनालयातून पुस्तकं आणली, आणि एके दिवशी जाहीर केलं की या देवांचा फराळ आता आपल्या घरी होणार.

जळगावचा मे महिना. पंखासुद्धा गरम हवा फेकतो. अशात ही पोरगी दुपारी दोनला गॅसपाशी उभी राहून शेंगदाण्याच्या कुटात गुळाचा पाक ओतायची आणि त्याचे हातोडे वळायची. दांडे गळून पडायचे. मग दांड्याच्या जागी दालचिनी खोचायची. परातीत तिनं त्या देवांच्या गोष्टीतलं, नऊ जगं पेलणारं झाड केलं. केळीच्या हलव्याचं खोड, पपईच्या फांद्या, भोवती नऊ जगांच्या नऊ वाट्या, आणि त्या नऊही वाट्या मी घासल्या. लोकीच्या नावानं खजुराच्या वड्या केल्या, त्यांच्या पोटात हिरव्या मिरचीचा ठेचा. नवऱ्यानं पहिला घास घेतला, डोळे पुसले आणि आणखी दोन मागितल्या. आम्ही खानदेशी लोक, आम्हाला तिखटानं फसवायला निघालेला देव बिचाराच म्हणायचा.

पण खरी जमली ती सफरचंदं. इदुन नावाची एक देवी असते म्हणे, तिच्या पेटीत सोन्याची सफरचंदं असतात. देव ती खातात म्हणून म्हातारे होत नाहीत. एकदा लोकीच्या कपटामुळे एक राक्षस गरुड होऊन तिला पळवून नेतो, आणि इकडे सगळ्या देवांचे केस पिकतात, पाठी वाकतात, कुणाच्यानं धड चालवत नाही. तेव्हा कुठे त्यांना तिची आठवण होते. मी भांडी घासता घासता विचारलं, "ती स्वतः खायची का गं त्यातलं?" मुलगी म्हणाली, "ते काही लिहिलेलं नाही पुस्तकात."

आमच्याकडे सफरचंदं होत नाहीत, केळी होतात. तिनं सालं काळी पडेपर्यंत पिकलेली केळी घेतली, ती तुपात परतली, गूळ घातला, खवा घातला, आणि मिश्रण कढईच्या कडेनं सुटेपर्यंत घोटत बसली. त्या गोळ्याची लहान लहान सफरचंदं वळली, वरून केशराचं दूध लावलं, देठाच्या जागी लवंग टोचली. जिभेवर ठेवलं की चावायची गरज नाही. मी आयुष्यभर गोडधोड केलं, पण असं काही माझ्या हातून झालं नाही, हे मी कबूल करते.

शेजारपाजारी वाटली. जो तो खाऊन एकच वाक्य बोलायचा, "सुगरण आहे हो पोरगी, सासरी नाव काढेल." दहावीची पोर, आणि तिच्या हातची पहिली चांगली गोष्ट लगेच सासरच्या पदरात. मला राग यायचा आणि मी हसायचे. हे हसणं मला फार वर्षांपासून येतं.

श्रावणात कानबाईसाठी गावी जायचं होतं. अमळनेरच्या पुढे, तापीपलीकडे माझ्या सासरचं गाव. तिथे माझे मोठे दीर असतात, त्यांना सगळे भाऊ म्हणतात, आणि माझी जाऊ, तिला मी अक्का म्हणते. सासरे, म्हणजे आबा, पंच्याऐंशीच्या घरात. भाऊंचे दोन मुलगे, थोरल्याची बायको आणि तिचं तीन महिन्यांचं बाळ. नागपंचमीनंतरच्या रविवारी भाऊंच्या घरी कानबाई बसते आणि आम्ही तिघं जळगावहून आदल्या दिवशी सकाळीच पोचतो, कारण शनिवारी रोटाचे गहू काढायचे असतात.

रोट म्हणजे कानबाईचा प्रसाद, जाड गोडसर पोळी. त्याचे नियम फार कडक. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू सुपात घ्यायचे, तेवढेच दळायचे, तेवढ्याचेच रोट करायचे. ते घरच्यांनीच खायचे. बाहेरच्या माणसाला तुकडा द्यायचा नाही, टाकायचा नाही, आणि पौर्णिमेच्या आत संपवायचे. मी लग्न होऊन आले त्या वर्षापासून हे बघत आले होते आणि त्यात बघण्यासारखं काही आहे असं मला कधी वाटलं नव्हतं.

मुलीनं आदली रात्रभर माझ्याशी भांडून अकरा सफरचंदं केली होती. घरात माणसं दहा आणि अकरावं कानबाईचं. एसटीत अख्खा प्रवासभर डबा मांडीवर. गावात पोचल्या पोचल्या तिनं तो अक्काच्या हातात दिला आणि सांगितलं, "मोठी आई, एक देवीपुढे ठेव. यातली गोष्टसुद्धा देवीचीच आहे."

अक्कानं डबा उघडून बघितला आणि मिटला. "त्या इंग्रज देवस्नं खावानं आपली कानबाईले नही चालाव," ती म्हणाली. ठीक आहे, एक वेळ हे समजू शकते. पण देवीला न चालणारी ती वस्तू घरातल्या पुरुषांना बरोब्बर चालली. चहाबरोबर डबा फिरला आणि रिकामा झाला. आबांना दात नाहीत, त्यांनी आपलं खाल्लं आणि वर कानबाईचंही खाल्लं. भाऊ बोटं चाटत म्हणाले, "पोरना हात गोड शे. सासरले गई का नाव काढी." परत तेच.

मग गहू काढायला बसलो. अक्का गव्हाच्या कोठीपाशी, पुढे सूप. भाऊ एकेकाचं नाव घेत होते आणि अक्का सव्वा मूठ टाकत होती. आबांच्या नावाची. भाऊंच्या नावाची. माझ्या नवऱ्याच्या नावाची. दोन्ही पुतण्यांच्या नावाची. मग भाऊंनी झोळीकडे बघून त्या तीन महिन्यांच्या बाळाचं नाव घेतलं आणि त्याचीही सव्वा मूठ सुपात पडली. त्याला अजून मान धरता येत नव्हती, दूध सोडून दुसरं काही माहीत नव्हतं, पण रोटात त्याचा वाटा होता. अक्कानं कोठीचं झाकण लावलं.

"माझी?" मुलगी म्हणाली.

अक्का हसली. वाईट हसली नाही, लाडानंच हसली. "पोरनी मूठ नही ऱ्हास, माय. तू ते परघरनी."

मुलीनं माझ्याकडे बघितलं. मी तिथेच होते, हातभर अंतरावर, डाळ निवडत. मी म्हणायला हवं होतं की घाला तिची मूठ. निदान एवढं तरी विचारायला हवं होतं की का नाही. मी म्हणाले, "चल उठ, उगाच डोकं लावू नकोस. चहाच्या कपबशा विसळून टाक." आणि ती उठली आणि तिनं विसळल्या. मला भाऊंचा राग येतो, अक्काचा येतो, पण त्या एका वाक्यासाठी माझा स्वतःचा जेवढा येतो तेवढा कुणाचाच नाही.

रविवारी कानबाई बसली. आरती झाली, पानं वाढली. रोट, खीर, गंगाफळाची म्हणजे लाल भोपळ्याची भाजी. मुलीच्या ताटात रोट पडला तसा तिनं तो उचलून परत भांड्यात ठेवला.

"हे काय?" नवरा म्हणाला.

"रोट बाहेरच्यांना चालत नाही ना," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, तोंड वाकडं नव्हतं. "मी परघरची आहे. मग मी कसा खाऊ?"

घरची म्हणाल तर मूठ कुठे आहे, आणि बाहेरची म्हणाल तर ताटात रोट कसा. पोरीनं त्यांचाच नियम त्यांच्या पानात वाढला होता. अक्का खरंच घाबरली. "खाई ले व माय, कानबाई कोपी जाई," म्हणत तिच्या डोळ्यांत पाणी आलं. भाऊंनी मात्र मुलीला एक शब्द विचारला नाही. ते माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "जळगावले शिकाडं तुम्हीन, हाई असं शिकाडं." नवरा "खा गं, खा" म्हणत राहिला. ती दूध पिऊन उठली. तिच्या वाट्याचा रोट नवऱ्यानं खाल्ला, कारण टाकता येत नव्हता.

परतीच्या एसटीत मी नवऱ्याशी भांडले. बसमध्ये आवाज चढवता येत नाही म्हणून दात आवळून भांडले.

"एका मुठीनं काय फरक पडतो?" तो म्हणाला.

"काहीच फरक पडत नसेल तर घाला ना मग."

तो खिडकीबाहेर बघू लागला. बाहेर कापूस होता, तो त्यानं जन्मापासून पाहिलेला आहे. मी घरी आल्यावर चार दिवस त्याच्याशी बोलले नाही. पण भांडण मी काढलं ते फक्त मुलीच्या मुठीसाठी, एवढं इथे नोंदवून ठेवते.

वर्ष गेलं. मुलगी अकरावी होऊन बारावीत गेली. बर्फातले देव थोडे मागे पडले, पण कढई सुटली नाही. गव्हाच्या पिठाचे मधाचे केक, जांभळाचा मुरंबा घालून केलेल्या चंद्रकोरी, काय काय. कानबाईच्या आदल्या दिवशी, शनिवारी गावी निघताना मी विचारलं, डबा कुठे आहे? ती म्हणाली, "यंदा नाही नेत."

भाऊंनी आम्ही उंबऱ्यात चपला काढायच्या आतच विचारलं, "यंदा ते सोनाना सफरचंद नही का?" वर्षभर त्यांना त्या रोटाचा प्रसंग आठवला नसेल, पण सफरचंदं आठवत होती.

"इथेच करते की," मुलगी म्हणाली. "केळीचा घड तर तो काय, लटकतोय. पण आधी माझी मूठ मोजा, मग कढई ठेवते."

भाऊंचा चेहरा लाल झाला. "देवना दारमा सौदा करस का?"

"तुम्ही मोजत नसाल तर मी घरची नाही. आणि पाहुण्यांना कुणी स्वयंपाकाला लावतं का, मोठे बाबा?"

भाऊ आणखी बोलणार होते. तेवढ्यात खाटेवरून आबांचा आवाज आला. "घाल ना तिनी मूठ. मना दात नहीत. तेच एक खावाई जास."

बघा, न्याय झाला तो असा. नात घरची आहे म्हणून नाही, ती विचारते ते खरं आहे म्हणून नाही, आईनं भांडून मिळवलं म्हणून तर नाहीच. पंच्याऐंशी वर्षांच्या माणसाला केळीचा हलवा हवा होता म्हणून. मला आनंद व्हायला हवा होता आणि मला आबांच्या त्या बोळक्या तोंडाचा इतका संताप आला की मी खाली बघत राहिले. पण घरात आबांच्या शब्दापुढे भाऊ बोलत नाहीत. ते उठून बाहेर गोठ्याकडे गेले, म्हणून त्या वर्षी नावं अक्कानंच घेतली.

आबा, भाऊ, माझा नवरा, पुतणे, ते बाळ. बाळ आता चालत होतं आणि सुपात हात घालत होतं. मग अक्का थांबली. तिनं दाराकडे एकदा बघितलं, आणि पहिल्यांदा त्या घरात सुपावर एका मुलीचं नाव घेतलं. मूठ पडली. वरची पाव मूठ तिनं जरा भरूनच टाकली. तिलाही एक मुलगी आहे, शिरपूरला दिलेली. तिचं नाव कधी त्या सुपावर निघालं नव्हतं. मला वाटतं तेव्हा अक्काच्या मनात तीच होती.

मुलगी खुश झाली. ती उठेल, घडाची केळी तोडायला जाईल, असं मला वाटलं. ती उठली नाही. तिनं सूप माझ्या बाजूला सरकवलं आणि म्हणाली, "आता आईची."

अक्काचा हात कोठीत होता. भरलेली मूठ होती त्यात, मला दिसत होती. नवऱ्यानं नको म्हटलं नाही. आबा खाटेवर डोळे मिटून पडले होते, त्यांना हलव्याशी मतलब. भाऊ तर घरातच नव्हते. मला अडवणारं तिथे कुणी नव्हतं.

आणि मी म्हणाले, "राहू दे गं, माझी कशाला."

अक्कानं मूठ कोठीत सोडली आणि झाकण लावलं. मुलगी माझ्याकडे बघत राहिली, मग केळी तोडायला गेली. इतक्या वर्षांत त्या सुपावर किती पुरुषांची नावं निघाली, त्यातल्या एकालाही मी 'माझी राहू दे' म्हणताना ऐकलेलं नाही.