कवठे महांकाळ, सहा चहा

विजेवर माझ्या आत्याइतका विश्वास ठेवणारं माणूस अख्ख्या पलूस तालुक्यात सापडणार नाही, आणि वायरमनवर तिच्याइतका अविश्वास ठेवणारंही. कुणाच्या घरी गेली की ती चारचौघांसारखं “बरं हाय का?” असं विचारत नाही. दारातच कुबड्यांवर उभी राहते, भिंतींवरून एक नजर फिरवते आणि म्हणते, “अर्थिंग हाय का?” नवखं माणूस गोंधळतं. आमच्या पै-पाहुण्यांना मात्र आता सवय झाली आहे. ते चहाचं आधण ठेवायच्या आधी मिक्सरची पिन काढून प्लग मोकळा करतात.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. लहानपणी पोलिओ झाला, तेव्हापासून दोन्ही पायांत जोर नाही. पायांना कॅलिपरच्या लोखंडी पट्ट्या बांधून कुबड्यांवर चालते. लग्न केलं नाही. आमच्याच घरात राहते आणि तालुक्याच्या कचेरीत कारकून आहे. कित्येक वर्षं मागं दोन जादा चाकं लावलेल्या स्कूटरवरून ती कचेरीला जायची. पाऊस आला की भिजायची, ऊन असलं की भाजायची, आणि घरी येऊन म्हणायची, “आज हवा चांगली हुती.” दोनदा तिला बढती आली आणि दोन्ही वेळा तिनं ती नाकारली, कारण बढतीची खुर्ची कवठे महांकाळला होती आणि स्कूटरवर रोज तेवढं जाणं-येणं होण्यासारखं नव्हतं. तिसऱ्यांदा बढतीचा कागद आला, तेव्हा तिनं होकार कळवला. आजीनं तिच्या लग्नासाठी करून ठेवलेल्या पाटल्या तिनं मोडल्या, बँकेचं कर्ज काढलं, आणि कुणीतरी वापरलेली एक छोटी इलेक्ट्रिक गाडी आमच्या दारात आणून उभी केली.

माझे वडील तसे फार प्रेमळ आहेत, पण त्यांचं प्रेम काळजीच्या वाटेनं बाहेर पडतं आणि वाटेत त्याचा राग होतो. ते म्हणाले, “आक्का, गाडी घेतलीस ते बेस झालं. आता एक ड्रायव्हर ठिवू.”

“ड्रायव्हर ठिवला तर गाडी त्याची आन मी सामान,” आत्या म्हणाली.

“आन वाटंत बॅटरी संपली तर? पेट्रोल असतं तर बाटलीतनं तरी आणलं असतं. करंट काय बाटलीतनं आणू?”

तेव्हा आत्यानं जे कबूल केलं, ते आमच्या घरात अजून शब्दन् शब्द सगळ्यांच्या लक्षात आहे. “हे बघ. मला आणायला एकदा जरी तुला यावं लागलं, तर चावी तुझ्या हातात दीन. मग ड्रायव्हर ठीव न्हाईतर गाडीत कोंबड्या ठीव.” वडिलांनी मान हलवली. आत्या शब्दाची पक्की. त्यामुळं त्या दिवसापासून गाडी रस्त्यात थांबण्याचा अर्थ आमच्या घरात फक्त गाडी थांबणं एवढाच राहिला नाही.

गाडीत बदल करून घ्यायला ती पुण्याला गेली होती. स्टिअरिंगशेजारी एक दांडा आहे. तो पुढं ढकलला की ब्रेक आणि आपल्याकडं ओढला की वेग. पाय नुसते खाली पाहुण्यासारखे बसलेले असतात. परवान्याच्या चाचणीला साहेबांनी सवयीनं सांगितलं, “क्लच दाबा.” आत्या म्हणाली, “साहेब, गाडीला क्लच न्हाई आन माझ्या पायात जोर न्हाई. देवानं जोडी जमवलीया.” साहेब हसले, पण चाचणी पूर्ण घेतली. चढावर थांबवून परत निघायला लावलं, मागं घ्यायला लावली. आत्याला ते फार आवडलं. घरी येऊन म्हणाली, “दया करून पास केलं असतं, तर मी परत दिली असती परीक्षा.”

आता तिच्या हिशोबाबद्दल सांगायला हवं. हे नीट सांगता येईल की नाही याची मला जरा शंका आहे, कारण मी स्वतः विज्ञान शाखेची आहे आणि आत्याचं एकक कुठल्याच पुस्तकात नाही. ती गाडीचा खर्च रुपयांत सांगत नाही, चहात सांगते. पलूस ते तासगाव दोन चहा. कवठे महांकाळ सहा चहा. सांगलीला गेलो तर चार, पण गर्दीत सापडलो तर पाच. पेट्रोलची गाडी असती तर महांकाळला तीस चहा लागले असते, म्हणजे अख्ख्या कचेरीला पाजून वर उरले असते, असं ती येईल-जाईल त्याला ऐकवते. एकदा शेजारच्या काकांनी खवचटपणे विचारलं, “आन बॅटरी बदलायची येळ आली की किती चहा?” आत्यानं बोटांवर मोजून बघितलं. मग म्हणाली, “तवा चहाचं हाटेल काढावं लागंल.” बॅटरी आधीच कुणीतरी वापरलेली, त्यामुळं भरून घेतली तरी महांकाळला जाऊन-येऊन जेमतेम पुरते, आणि उन्हाळ्यात एसी लावला तर तेवढीही नाही, हे तिला सगळ्यांआधी ठाऊक होतं. म्हणून एप्रिल-मे महिन्यात ती गळ्यात ओला पंचा टाकून गाडी चालवते. दुपारी कचेरीतल्या प्लगवर परतीपुरती भरून घेते.

पण या खर्चात एक चहा ती कधीच धरत नाही, तो म्हणजे पूर्वी गाडीवाल्यांना पाजावा लागणारा. स्कूटर पोचत नसेल तिथं तिला कुणाच्या तरी जीपमध्ये, कुणाच्या तरी मुलाच्या मागं जावं लागायचं. “दुसऱ्याच्या गाडीत बसलं की भाडं जिभेनं फेडावं लागतंय,” ती म्हणते. “त्यो म्हणंल तवा निघायचं, त्यो म्हणंल ती गाणी ऐकायची. वर दोन दिवस त्याचं गुण गायाचं.”

सातारा रस्त्याला एका हॉटेलच्या आवारात चार्जिंग स्टेशन झालं, तेव्हा आत्या मला कॉलेजला सोडायच्या निमित्तानं मुद्दाम तिकडून गेली. गेल्यावर कळलं की यंत्र वीतभर उंच ओट्यावर बसवलंय, केबल खांद्याच्या वर टांगलेली, आणि आजूबाजूला चिटपाखरू नाही. पेट्रोल पंपावर माणूस खिडकीशी येतो. इथं विजेसाठी माणसाला उतरून यावं लागतं, आणि ज्याला उतरायचीच पंचाईत त्याच्यासाठी वीतभर ओटा म्हणजे डोंगर. मी उतरायला लागले, तर आत्यानं माझा दंड धरला. “तू उद्या न्हाईस माझ्यासंगं. बस.” आणि तिनं हॉर्न दाबला. दाबूनच धरला. शेवटी एक वेटर पळत आला आणि त्यानं खिडकीतून मेनूकार्ड आत दिलं. आत्यानं ते शांतपणे वाचलं आणि म्हणाली, “एक पिठलं-भाकरी मला, एक हिला, आन गाडीचं ताट त्या मशिनीतनं वाढ.” जेवण झाल्यावर तिनं मालकाला बोलावून घेतलं. भांडली नाही. फक्त कुबड्या घेऊन उतरली आणि त्याच्या समोर तो ओटा चढायचा प्रयत्न करून दाखवला. मालक दोनदा तिला सावरायला पुढं झाला, आणि दोन्ही वेळा तिनं त्याला हातानं लांब ठेवलं. पुढच्या खेपेला तिथं एक फरशी तिरकी टाकून ठेवली होती. फार काही चांगली नव्हती, जरा हलतच होती. आत्या म्हणाली, “हलती, पर चढवती. आपल्या जीपवाल्या पाव्हण्यांपेक्षा बरी.”

अशी स्टेशनं आमच्याकडं थोडी. म्हणून आत्यानं महांकाळच्या रस्त्यावर घरं हेरून ठेवली. कुठं कचेरीतल्या शिपायाची मावशी, कुठं वीस वर्षांत तोंड न पाहिलेले सोयरे. गाडी साध्या प्लगवर सावकाश भरते, त्यामुळं आत्या पाहुणी आली की दोन-तीन तास हलत नाही. बोलणं संपतं तरी बॅटरी भरत नाही. मग जुनी भांडणं निघतात, आणि वेळ एवढा असतो की ती मिटूनसुद्धा जातात. पैसे कुणी घेत नाही, म्हणून ती गाडीत हळदीच्या पुड्या ठेवते आणि निघताना घरच्या बाईच्या हातात एक टेकवते. अर्थिंग नसेल तर गाडीचा चार्जर लाल दिवा लावतो आणि करंट घेत नाही. म्हणून पुढच्या वेळी येताना ती मीठ आणि कोळसा घेऊन येते, आणि घरच्यांना अर्थिंगसाठी अंगणात खड्डा काढायला लावते.

गेल्या उन्हाळ्यात सुट्टीला घरी आले होते, तेव्हा तिची नवी खुर्ची बघायला मी एक दिवस तिच्याबरोबर महांकाळला गेले. खुर्ची साधीच होती. पण तिच्यासमोर माणसं उभी राहात होती आणि आत्या त्यांना आधी बसायला सांगत होती. त्या दिवशी नेमकी सकाळपासून महांकाळात वीज नव्हती. दुपारी गाडी भरता आली नव्हती, आणि संध्याकाळी निघालो तेव्हा बॅटरीचा आकडा निम्म्याच्याही बराच खाली होता. आत्या म्हणाली, “वाटंवरच्या म्हातारीपत्तोर जाती.”

म्हातारीपर्यंत गेली. रस्त्याकडेच्या माळावर दोन खोल्यांचं घर. म्हाताऱ्या आजी एकट्याच होत्या, घरची माणसं मेंढरं घेऊन लांब गेलेली. त्यांचा नातू आत्याच्या कचेरीत शिपाई, त्यानंच आत्याच्या सांगण्यावरून खड्डा काढून अर्थिंग केलं होतं, पण आत्या तिथं पहिल्यांदाच थांबत होती. आम्ही केबल जोडली. लाल दिवा. काढून परत जोडली. लालच.

आत्यानं खड्ड्याकडं पाहिलं. माती फुटून तिला भेगा पडल्या होत्या. “वाळलंय,” ती म्हणाली. “पाणी वतलं तर चालंल.”

आमच्या बाटलीत घोटभर पाणी होतं ते मी ओतलं. मातीला कळलंसुद्धा नाही. दारात एक पिंप होतं आणि त्यावर झाकणाला दगड ठेवला होता. पाण्याचा टँकर आठवड्यातनं एकदाच येतो हे आजींनी आल्या आल्या सांगितलं होतं. अख्ख्या जिल्ह्याकडं बेधडक करंट मागणारी माझी आत्या त्या पिंपाकडं बघून केबल काढून घ्यायला लागली. तेवढ्यात फोन वाजला.

“कुठंवर आलीस?” वडिलांचा आवाज मलाही ऐकू येत होता.

“हाय वाटंत.”

“येऊ का?”

आत्यानं डोळे मिटले. “न्हाई,” म्हणाली आणि फोन ठेवला. मी हळूच म्हणाले, “आत्या, बाबा आले तर काय बिघडतं?” ती म्हणाली, “त्यो आला तर तू जा त्याच्यासंगं. मी हितंच मुक्काम करीन, पर गाडीसंगंच यीन.”

आजी हे सगळं उंबऱ्यावर बसून ऐकत होत्या. म्हणाल्या, “पाणी कशाला पायजे गं? गाडी पाणी पिती?”

“गाडी न्हाई आजी, जमीन पिती. मग गाडीला करंट मिळतोय.” आत्याचा आवाज मी इतका खाली कधी ऐकला नव्हता. “पर ऱ्हाऊ दे. तुमच्या प्यायचं हाय.”

“प्यायचं कोण देतंय तुला?” आजी उठल्या. मोरीतून भांडी घासलेल्या पाण्याचं घमेलं दोन्ही हातांनी उचलून आणलं. त्या पाण्यात राख होती, भाताची शितं होती. “कोंबड्यांसाठी ठिवलं हुतं. आज कोंबड्या ऱ्हातील तशाच.” आणि सगळं खड्ड्यात ओतलं. माती बराच वेळ बुडबुडे सोडत राहिली. मी केबल जोडली. दिवा हिरवा झाला.

मग आम्ही बसलो. आजींनी शेळीच्या दुधाचा चहा केला. आत्यानं हळदीच्या दोन पुड्या दिल्या, त्या आजींनी वास घेऊन कनवटीला लावल्या. मग विचारलं, “एकलीच हिंडतीस, भ्या न्हाई वाटत?”

“वाटतंय की,” आत्या म्हणाली. “पर मागं बसूनबी वाटतच हुतं. मग पुढं बसून वाटलेलं बरं.”

निघालो तेव्हा अंधार पडला होता. तासगावच्या नाक्यावर चहाच्या टपरीसमोर वडिलांची मोटारसायकल उभी दिसली. आत्यानं गाडी थांबवून काच खाली केली. “कुणाला आणायला आलास?”

“कुणाला कशाला?” वडील ग्लासात बघत म्हणाले. “खताच्या दुकानात काम हुतं. चहा पितोय.”

“दुकान कवाच बंद झालं आसंल.”

“म्हणूनच चहा पितोय.”

आत्यानं काच वर केली. पुढं पलूसपर्यंत त्यांच्या मोटारसायकलचा दिवा आमच्या मागं होता. जवळ येत नव्हता आणि लांबही जात नव्हता. आत्यानं तो आरशात पाहिला असणार, पण चावीचा विषय त्या दिवशी निघाला नाही आणि पुढंही कधी निघाला नाही. वडिलांनीच दुसऱ्या आठवड्यात एक पाण्याचा कॅन आणला आणि गाडीच्या डिकीत ठेवला.

आता मी साताऱ्याला असते. मध्ये घरी गेले तेव्हा कळलं की आत्याचे खांदे दुखतात. कुबड्याही हातांनी आणि गाडीही हातांनीच, त्यामुळं आयुष्यभर पायांचं काम खांद्यांनी केलंय. डॉक्टरांनी हात वर उचलायचं कमी करा म्हणून सांगितलंय. गाडी बंद करा असं ते म्हणाले का, हे तिनं कुणाला सांगितलं नाही, आणि आम्ही विचारलं नाही. तिनं फक्त एक बदल केला. कुणाला साधा पदरही सावरू न देणारी आत्या सकाळी आमच्या आईसमोर पाठ करून बसते आणि वेणी घालून घेते. “बॅटरी म्हातारी झाली तर दुसरी मिळती,” मला म्हणाली. “खांदं मोजकंच उरल्यात. ते केसांवर कशाला खर्चू?”

मी घरी असले की हे काम माझ्याकडं येतं. केस आता पुष्कळच पांढरे झालेत आणि हाताला फार मऊ लागतात. सैल झाली की ती लगेच म्हणते, “घट्ट घाल गं. सांजच्याला परत यीस्तवर टिकाया पायजे.” मी घट्ट घालते. पण शेवटचा पेड घालताना माझे हात उगाचच रेंगाळतात, कारण तो झाला की ती उठते.