बाबलीची बाटली

आमच्या कुडाळच्या लॅबमध्ये रक्ताच्या नळ्या तपासून झाल्या की टाकून द्यायच्या, असा नियम होता. किश्शांसाठी असा नियम कोणी केला नाही, म्हणून ते माझ्याकडे साठत गेले. मीठमसाला थोडा माझा, बाकी सगळं खरं!

ऐंशीनंतरची वर्षं. आंब्याच्या कलमांवर तुडतुड्यांसाठी औषध मारणाऱ्या गड्यांच्या अंगात ते औषध किती उतरतं, हे रक्त-लघवीवरून मोजायचं होतं. डॉक्टरबाई प्रमुख, मी त्यांचा टेक्निशियन. या औषधाने रक्तातलं एक एन्झाइम खाली येतं. फारच खाली आलं तर माणसाचा श्वास अडतो.

*

आचऱ्याला आम्ही फवारणीआधीच रक्त मागितलं. गड्यांचा पुढारी बाबली. त्याने विचारलं, औषध अजून मारूक नाय, मग रगात कित्याक?

बाईंनी विहिरीकडे बोट दाखवलं. "पाणी किती उतरलं हे कळायला आधी किती होतं ते नको ठाऊक? आणि प्रत्येकाची विहीर वेगळी."

"मगे पयली तुमची विहीर बघूया," बाबली म्हणाला.

बाईंनी बाही वर केली. एवढ्या गर्दीसमोर माझ्याकडून दोनदा शीर चुकली. तिसऱ्यांदा टोचून घेताना बाई शांतपणे मोहोराची चौकशी करत होत्या. बाबली मान हलवत पुढे आला आणि मला म्हणाला, "माझा बाईच काढतले. तू बाटल्यो धर."

*

लघवीसाठी रुंद तोंडाच्या बाटल्या वाटल्या. एका काकीने तिच्या नवऱ्याची बाटली परत आणली, तर आत कोकमाचं आगळ! एवढी बरी बाटली आणि तेच्यात कसला भरतास, म्हणून उलट आम्हालाच झापलं. बाईंनी आगळ ठेवून घेतलं, दुसरी बाटली दिली आणि वहीत लिहिलं, 'नमुना उत्तम. तपासणीस निरुपयोगी.'

*

नमुने बर्फात न्यायचे. बर्फ बंदरावरचा, त्यामुळे पेटीला मासळीचा वास. एसटीत कंडक्टरने विचारलं, बांगडे की काय?

"नाही," बाई म्हणाल्या, "आचऱ्याची माणसं आहेत. हाफ तिकीट चालेल?"

कुडाळपर्यंत आमच्या मागच्या दोन सीट रिकाम्या होत्या.

*

फवारणी सुरू झाली. बाबली अनवाणी, उघड्या हातांनी औषध कालवायचा. माका बाधणा नाय, ही त्याची फुशारकी. पण घाम त्याला भलताच सुटायला लागला होता. बाईंना त्याचं दुसरं रक्त हवं होतं. आकडा खाली आला तर बाई फवारणीचा पंप खाली ठेवायला लावतील, ही त्याला धास्ती. तीन खेपा झाल्या, तिन्ही वेळा हा पसार. चौथ्या खेपेला भेटला, तर रक्त नाही म्हणाला, लघवीची बाटली मात्र आपणहून हातात ठेवली.

आठवड्याने बाई स्वतः कागद घेऊन त्याच्या अंगणात गेल्या. लघवीत औषधाचा अंश सापडलाय, आजच पंप खाली ठेव, म्हणाल्या.

बाबली मांडीवर थाप मारून हसला. "बाईनू, तुमचा मशीन खोटा. ती बाटली माझी न्हय, बायलेची. आणि ती तर कलमांत पाय सुदीक ठेवणा नाय."

मीही हसलो. बाई हसल्या नाहीत.

"तुझे फवारणीचे कपडे कोण धुतं?" त्यांनी विचारलं.

विहिरीवर त्याची बायको शेवंती त्याचीच फवारणीची खाकी चड्डी दगडावर घासत होती. बाबलीने जाऊन तिच्या हातातली चड्डी काढून घेतली, घागरभर पाण्याने तिचे हात कोपरापर्यंत धुतले आणि तिला आणून बाईंसमोर बसवलं.

स्वतःची बाही वर करत म्हणाला, "माझा मागसून. आधी हिचा काढा."