कळसूबाईवरचा उंबर

कॉलेजात असताना मी कळसूबाईचं शिखर सर केलं, असं आमच्या घरात सगळे मानतात. म्हणजे मीच तसं सांगितलंय. खरं तर पहिली लोखंडी शिडी पाहूनच मी माघारी फिरलो होतो. आईनं देवीसाठी दिलेली ओटी मी पायथ्याच्या देवळात वाहिली, समोरच्या उंबराखाली मस्त झोप काढली आणि घरी येऊन वर्णनात तोच उंबर उचलून थेट शिखरावर लावला. पुढं पंचवीस वर्षं त्याला पाणी घालत राहिलो.

यंदा बायकोनं हट्टच धरला. "तुम्हाला वाट माहितीय, मला न्या." नाशिकहून निघून अभयारण्यात शिरेपर्यंत मी गुडघा, बीपी आणि ढग, तिन्ही पुढं करून पाहिले. पायथ्याशी उंबर दिसला तसं घाईनं भलतीकडेच बोट दाखवलं, "ते बघ माकड!" माकड नव्हतं.

शिडीपाशी शेवटचा प्रयत्न केला. "तू जाऊन ये. मी पिशवी सांभाळत बसतो."

"अहो, पिशवीच तर वर न्यायचीय. चला."

अर्ध्या शिडीवर मी डोळे मिटून थांबलो. मागून सरबत विकणाऱ्या आजी ओरडल्या, "भाऊ, चढता का उतरता, येक काय ते ठरवा!"

वर पोचलो. छोटंसं देऊळ आणि भणाणता वारा. झाड सोडा, झुडूपही नाही. तेवढ्यात बायकोनं आईला व्हिडिओ कॉल लावला.

"अरे, तो उंबर दाखव ना."

"वादळात पडला गं."

"मुळासकट?"

"मुळासकट."

"आणि पायथ्याला जाऊन उभा राहिला होय? माझं माहेर घोटीचं, विसरलास? लग्नाआधी दर नवरात्रात चढायचे मी."

बायको हसून हसून खालीच बसली.

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"तू सांगायचास छान. दरवेळी उंबराला नवी फांदी फुटायची. माझी ओटी तेवढी राहिली."

बायकोनं पिशवी उघडली. आईनं दिलेला खण, तांदूळ, नारळ. सकाळपासून मीच वाहत होतो. तिनं ओटी भरली, नारळ मला ठेवायला लावला.

फोनमधून आई म्हणाली, "झालं. आता उतरताना त्या उंबराखाली खुशाल झोप."