रत्नदीपचा वेगळा कप

रत्नदीपला किळस यायची, आणि ती लपवता येईल असा त्याचा चेहराच नव्हता. नाकपुड्या वर जायच्या, खालचा ओठ ताणला जायचा, मान इंचभर मागे सरकायची. समोरच्याला वाटायचं, आपल्या अंगाला वास येतोय की काय. पण साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत एकोणीस हंगाम काचा धुताना त्यानं जे पाहिलं, ते पाहून कुणाचंही तोंड तसंच झालं असतं.

सोलापूरहून एसटीनं तासाभरावर तो कारखाना. प्रयोगशाळा म्हणजे एक लांबट खोली, मधोमध फरशीचं टेबल, कोपऱ्यात बेसिन. रसात साखर किती उतरते ते मोजायला दर तासाला इथं नमुना यायचा. गिरणीतून आलेला रस काळपट, फेसाळ, गढूळ. मोजायच्या यंत्राला त्यातून आरपार दिसत नाही. म्हणून त्यात चिमूटभर पांढरी पूड टाकायची, हलवायचं आणि कागदातून गाळायचं. खाली थेंब थेंब उतरायचा तो निवळशंख रस. योग्य उजेड पडला की रंगमंचावर साधं लुगडंही पैठणी दिसतं, तसं त्याचं रूप पालटायचं.

त्या पुडीला सगळे 'लेड' म्हणत. लेड म्हणजे शिसं. पोटात गेलं तर त्याच दिवशी काही होईलच असं नाही; ते हळूहळू हाडांत मुरतं आणि तिथं मुक्काम ठोकतं. आणि वाईट गोष्ट ही, की ही पूड चवीलाही गोडच. रसात मिसळली तर जिभेला कळायचं नाही.

रत्नदीपच्या आधी या काचा गुंडामामा धुवायचे. गडी मोठा दिलदार. भाकरी सोडायचे ती त्याच टेबलाच्या फरशीवर, पूड सांडलेली हातानंच झटकून. "पिठासारखंच हाय की!" म्हणायचे. नळीनं रस तोंडानं ओढायचा, चुकून तोंडात आला तर पिचकन बेसिनात थुंकायचा, आणि नोंदवहीचं पान उलटायला त्याच जिभेला बोट लावायचं. पुढं पोटात पीळ पडायला लागला. ओवा झाला, एरंडेल झालं, नवस झाले. हिरड्यांवर निळसर रेघ आली. शेवटी सोलापूरच्या एका डॉक्टरनं पहिल्यांदा विचारलं, "बाबा, काम काय करता?" तोवर उजवं मनगट दोरी तुटलेल्या कठपुतळीसारखं लोंबत होतं.

रत्नदीप भेटायला गेला, तर मामांना त्यांची म्हातारी बनाबाई चमच्यानं चहा पाजत होती. अर्धा चहा हनुवटीवरून ओघळत होता. मामा हसून म्हणाले, "रतन्या, सदऱ्याचं बटन लावून दे रं." त्यानं बटन लावलं. परतताना एसटीत त्याला ओकारी आली. चहाची नव्हे, ती फरशी आठवली म्हणून.

तेव्हापासून त्याचे नियम सुरू झाले. प्रयोगशाळेत पाण्याचा घोटसुद्धा घ्यायचा नाही. नळी तोंडाला लावायची नाही, रबरी फुगा लावायचा. कामाचा डगला तिथंच ठेवायचा; घरी नेला असता तर बायकोनं, शुभदानं, लेकरांच्या कपड्यांत भिजवला असता. पुडीचं पाणी मोरीत न ओतता झाकणाच्या कॅनमध्ये. आणि चहा बाहेर व्हरांड्यात, साबणानं हात धुऊन, स्वतःच्या कपात. तो कप त्यानं दाराबाहेर खिळ्याला टांगला होता.

आत बाकीच्यांचा चहा रस मोजायच्या काचेच्या चंचुपात्रांतून व्हायचा. आदल्या तासाला त्यात काय होतं, हे कुणी विचारायचं नाही. वरून खारी बुडवायची. बुडालेला तुकडा काचेच्या कांडीनं काढायचा आणि कांडी चाटायची. रत्नदीप भिंतीकडं तोंड करायचा.

त्या वर्षी दिग्विजय नावाचा नवा केमिस्ट आला. चेअरमन आबासाहेबांचा पुतण्या. स्वभावानं वाईट नव्हता, पण तोंडाचा फटकळ आणि हाताचा सढळ. चिमूटभर लेड सांगितलं तर मूठभर टाकणारा. पहिल्याच आठवड्यात त्यानं खिळ्याचा कप काढून पाहिला.

"हा कुणाचा?"

"माझा," रत्नदीप म्हणाला.

"वेगळा? आमच्यात बसून प्यायला विटाळ होतो व्हय?" दिग्विजय सगळ्यांकडं वळला. "बघा राव, आता हे आपली शिवाशिव पाळायला लागले!"

खोली खदाखदा हसली. हेड केमिस्ट इंद्रजीत साहेबही चष्मा पुसत हसले.

रत्नदीप हसला नाही. त्याच्या गावच्या हॉटेलात, त्याच्या आजीच्या काळात, एका खिळ्याला दोन कानतुटके कप टांगलेले असायचे. त्यांच्या वस्तीतल्या माणसानं ते स्वतः काढायचे, स्वतः विसळायचे, परत टांगायचे. आजी, बजाबाई, त्या हॉटेलात कधी चहा प्यायलीच नाही. पाणी मात्र प्यावं लागायचं; वरून कुणी ओतायचं आणि ती खाली वाकून ओंजळ धरायची. हे तो कुणाला सांगत बसला नाही. एवढंच म्हणाला, "साहेब, विटाळ माणसाचा न्हाय. पुडीचा." आणि कप परत खिळ्याला लावला.

आता पुढच्या वर्षीचा मोळी टाकायचा दिवस. हंगामाची सुरुवात. सनई, फुलांच्या माळा, पाहुण्यांच्या गाड्या. त्या दिवशी आबासाहेब चार हंगामी कामगारांना कायम करणार होते. कागद तयार होते, यादीत रत्नदीपचं नाव तिसरं. एकोणीस वर्षं दर उन्हाळ्यात घरी बसून, बार्शीच्या अडतीत पोती वाहून काढलेल्या माणसाला त्या एका कागदाची काय किंमत असेल! शुभदानं त्याला इस्त्रीचा सदरा घातला होता. निघताना म्हणाली होती, "आज तेवढं तोंड नीट ठेवा. नाक वर करू नका."

मोळी पडली, गाळप सुरू झालं, तास-दीड तासानं आबासाहेब फिरत फिरत, दाराबाहेरच्या खिळ्याला टांगलेल्या कपाकडं बघत, प्रयोगशाळेत आले. अठ्ठ्याहत्तरचं वय, उन्हानं लाल झालेला चेहरा, काखेत कागदांची फाईल. खुर्चीत बसले, हाताचा पंजा टेबलाच्या फरशीवर टेकला आणि म्हणाले, "घसा वाळला रे. आपला रस तरी पाजा."

पाहुण्यांसाठी बाहेर चरक मांडला होता, आलं-लिंबू चिरून ठेवलं होतं, पण तो बंद पडला होता. गिरणीचा ताजा रस होता, त्यावर काळा फेस आणि चोयट्या. असला रस चेअरमनला द्यायचा? दिग्विजयला लाज वाटली. टेबलावर गाळलेल्या रसाचं पात्र होतं, सोन्याच्या पाण्यासारखं झळझळीत. त्यानं आदबीनं काचेचा पेला भरला.

"घ्या काका. एकदम फिल्टरचा."

रत्नदीप बेसिनपाशी होता. त्यानं पेला पाहिला. मोळी पडल्यापासून दिग्विजयचा हात पुडीत कसा चालला होता, तेही त्यानं पाहिलं होतं. पेला ओठांकडं निघाला. कागद फाईलीत होता. इस्त्रीचा सदरा अंगावर होता. इंद्रजीत साहेबांनी चष्मा पुसायला काढला होता.

"आबासाहेब, पिऊ नका!"

रत्नदीप तीन ढांगांत पोचला आणि त्यानं तो पेला म्हाताऱ्याच्या हातातून चक्क काढून घेतला. थोडा रस धोतरावर सांडला. सनई बाहेर चालूच होती.

"ए! कुणाच्या हातचं ओढतोस, कळतंय का?" दिग्विजय ओरडला.

"त्यात लेड हाय."

"अरे, एका घोटानं काय होतंय? आम्ही रोज चाखतो!"

रत्नदीपनं पेला त्याच्यासमोर धरला. "मग घ्या की साहेब. तुमी प्या."

दिग्विजयनं पेल्याकडं पाहिलं, मग इंद्रजीत साहेबांकडं. साहेब जमिनीकडं पाहत होते. पेला कुणी घेईना.

मग रत्नदीपनं कपाटातून पोटॅशियम आयोडाइडची बाटली काढली. जुने केमिस्ट ही परीक्षा करायचे, ती त्याच्या लक्षात होती. दोन थेंब टाकले. निवळ रसात हळद फुटावी तसा पिवळाजर्द ढग उठला, गरगरला आणि तळाला बसायला लागला.

"हे पोटात गेलं असतं," तो म्हणाला. "गुंडामामांच्या गेलं. त्यांना बटन लावता येत न्हाय."

आबासाहेब त्या पिवळ्या रंगाकडं वाकले. "गुंडा? आपला गुंडा? मला तर वाऱ्यानं हात गेला म्हणून सांगितलं."

म्हातारबुवांनी फाईल उघडली, आणि कागद सुटा करायला अंगठा जिभेकडं नेला.

"थुंकी नको!" रत्नदीप जवळजवळ किंचाळला. नाक वर गेलंच. "हात टेबलावर टेकला होता तुमी. त्यावर पूड हाय."

अंगठा हवेत थांबला. आबासाहेबांनी तळहात उलटा करून पाहिला. रेषांमध्ये बारीक पांढरं बसलं होतं, पावडर लावल्यासारखं.

ते उठून बेसिनपाशी गेले. नळाला पाणी नव्हतं. रत्नदीपनं बादलीतून मग भरला आणि वरून धार धरली. आबासाहेब खाली वाकले, दोन्ही हातांची ओंजळ केली. "नुसतं धुवा, पिऊ नका," रत्नदीप म्हणाला. साबण लावला, पुन्हा धार. बोटांच्या बेचक्यांतून, नखांतून राखाडी पाणी गेलं.

"दिग्विजय," आबासाहेब न वळता म्हणाले, "आजपासनं तुझा चहा बाहेर. खिळा ठोकून घे." मग ओले हात वर धरून फाईलीकडं मान हलवली. "रत्नदीप, माझे हात ओले हायत. तुझा कागद तूच काढ."

त्यानं हात धुतले, पुसले, कागद काढला. तिसरा. खाली सही होती. त्याला वाटलं, शुभदाला आत्ताच्या आत्ता फोन करावा.

तेवढ्यात आबासाहेबांनी घसा खाकरला, गालातला सकाळचा पानाचा चोथा जिभेनं गोळा केला आणि त्याच बेसिनात, स्वच्छ धुतलेल्या काचांच्या शेजारी, पचकन थुंकला. तांबडी रेघ पांढऱ्या चिनीमातीवरून हळूहळू खाली उतरली. "बरं वाटलं," म्हणाले, आणि सनईच्या दिशेनं निघून गेले.

रत्नदीपची मान इंचभर मागे सरकली. त्यानं कागद घडी करून व्हरांड्यातल्या खिळ्याला, कपाच्या कानाखाली अडकवला. मग इस्त्रीच्या सदऱ्यावर डगला चढवला, हातमोजे घातले आणि बेसिन घासायला घेतलं.